आमच्या वॉर्डाचा पूर-आराखडा

स्टाफरूममध्ये वर्षभरात जमत नाहीत एवढे किस्से आमच्या पूर समितीत एका उन्हाळ्यात जमले! कुणालाही नुसतं विचारून बघा, "तुमच्या घरात पाणी कुठवर आलं होतं?" वही पुरत नाही.

झालं असं, की राज्याने कायदा केला. पुराचा आराखडा आता प्रत्येक वॉर्डाने स्वतः करायचा आणि सरकारने त्याला मदत द्यायची. आमच्या बडोद्यातल्या सुभानपुऱ्याच्या समितीत आम्ही तिघं. रेल्वेतून रिटायर झालेले जाधवकाका अध्यक्ष, म्युनिसिपालटीची तरुण इंजिनिअर जिग्नाबेन, आणि भूगोल शिकवते म्हणून मी.

पहिल्या मीटिंगला काकांनी कायदा खड्या आवाजात वाचायला घेतला. 'स्थानिक जोखीम मूल्यांकन' आलं, तसे मागून एक आजोबा गुजरातीत ओरडले, "एटले शुं?" म्हणजे काय?

काकांनी चष्मा काढला. "एटले, पाणी कुठे येतं ते सरकार आपल्याला विचारतंय!"

"आपल्याला? पहेली वार!" म्हणत आजोबा जे सुरू झाले, त्यांच्यामागे अख्खा हॉल सुरू झाला. उरलेला कायदा काकांना पुढच्या रविवारी वाचावा लागला!

* * *

मग टेप घेऊन आम्ही घरोघरी. पाणी भिंतीवर कुठवर चढलं होतं ते मोजायचं.

एका बंगल्यात सोफ्यावर दोन पाहुणे बसलेले. मालक म्हणाले, "आमच्याकडे? छे! थेंबसुद्धा नाही!"

मी शून्य लिहिणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून बाईंचा आवाज आला, "अहो, काहीतरीच काय! जुना सोफा तरंगत गेटपर्यंत नव्हता का गेला?"

पाहुणे ताडकन उठले. घर विकत घ्यायला आले होते ते!

* * *

नकाशावर पुराची लाल रेषा आखली आणि कायद्याप्रमाणे हरकती मागवल्या. एक सिमेंटवाले जिग्नाबेनपुढे हात जोडून उभे. "बेन, रेषा माझ्या दुकानाच्या मागे घ्या ना. फक्त दोन फूट!"

जिग्नाबेनने पेन्सिल त्यांच्या हातात दिली. "घ्या, तुम्हीच काढा. फक्त पाण्याला दाखवायची जबाबदारी तुमची!"

त्यांनी पेन्सिल परत दिली. आठवड्याच्या आत सगळी पोती माळ्यावर!

* * *

फॉर्ममध्ये 'इतर धोके' असा रकाना होता. विश्वामित्री नदीच्या काठच्या माणसाला हे विचारावं लागतं का? काकांनी हिंदीत लिहिलं, 'बाढ़ का पानी, मगर'.

आठ दिवसांनी फॉर्म तपासणाऱ्या साहेबांचा फोन. बडोद्यात नवीनच आलेले. "जाधवजी, वाक्य अधूरा है. मगर क्या?"

काका म्हणाले, "साहब, आगे कुछ नहीं. आगे हम, पीछे मगर!"

* * *

आणि हा किस्सा कुसुमताईंचा. ताई तळमजल्यावर एकट्या राहतात, वॉकरशिवाय उभं राहता येत नाही. फॉर्मवर प्रश्न होता, 'संकटात पहिला फोन कोणाला?'

"लिही, वरचे भरतभाई."

माझं पेन थांबलं. पार्किंगवरून दोघांचं भांडण झालं, तेव्हापासून कित्येक वर्षं अबोला. सगळ्या सोसायटीला माहीत.

"ताई, तुम्ही तर बोलत नाही ना?"

"नाही बोलत. पण तो येईल."

त्या पावसाळ्यात खरोखर पाणी आलं. भर दुपारी इशारा मिळाला. यादीप्रमाणे मी भरतभाईंना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही! काका आणि मी गुडघाभर पाण्यातून निघालो.

ताईंचं दार सताड उघडं. वॉकर पाण्यात आडवा पडलेला. घरात कुणी नाही!

"बाई, वर या!" जिन्यातून काका ओरडले.

वरच्या हॉलमध्ये कुसुमताई झोपाळ्यावर बसलेल्या. पाय कोरडे, हातात चहाचा कप. कमरेपर्यंत भिजलेले भरतभाई गॅसपाशी पाठमोरे उभे.

मी ताईंच्या कानाशी वाकले. "काय बोलणं झालं?"

"काही नाही. त्याने विचारलं, 'चामां साकर केटली?' मी म्हटलं, 'बे चमची.'"