झिरो कुठं लावला?

सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी साधना पाटोळेच्या हातून मास्टर रिंग निसटली आणि फरशीवर पडली. रिंग बांगडीएवढी, जाड पोलादाची. रांजणगावच्या कारखान्यातल्या, मापं तपासायच्या या खोलीत बारा महिने वीस अंश तापमान ठेवतात, त्यामुळे साधना मे महिन्यातही स्वेटर घालून बसते. बोटं गारठली होती, एवढंच.

तिनं रिंग उचलून भिंगाखाली फिरवली. ओरखडा दिसेना. पण पडलेल्या मास्टरला लाल चिठ्ठी लावून ती वापरातून काढायची, हा नियम तिनंच भिंतीवर चिकटवला होता. पहिल्या पाळीचे कामगार आपापले गेज, म्हणजे मोजायची उपकरणं, याच रिंगवर ‘झिरो’ करून, शून्यावर लावून घेतात आणि दिवसभर त्याच गेजनी माल मोजतात. रिंग किंचित जरी बिघडली असेल, तर चुकीचा माल बरोबर ठरणार. चिठ्ठी लावली तर तीन मशीन थांबणार आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा तिच्या नावावर चूक लागणार. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तिनं रिंग पुसून पेटीत ठेवली, झाकण लावलं.

साधना दौंडच्या रेल्वे वसाहतीत वाढली, लग्नानंतर शिरूरला आली. तिथल्या चर्चमध्ये दर रविवारी ती शब्बाथशाळेत मुलांना शिकवते. येत्या रविवारचा धडा लिहून तयार होता. त्यात एक वाक्य होतं: ज्याला देवाचं भय नाही, तो कुणी बघत नसताना खोटं बोलणारच.

सहा चाळीसला ज्ञानू गेज लावून घ्यायला आला. मशीनवरचा जुना कामगार, इनामगावचा. बिरोबाच्या जत्रेला आपण फक्त मटणासाठी जातो, असं तो स्वतःच सांगतो. देऊळ असो की चर्च, थट्टा सारखीच. दोन वर्षांपूर्वी त्याच्या हातून गेज पडला होता. तेव्हाही कुणी पाहिलं नव्हतं. तो आपण होऊन सांगून गेला आणि मशीन बंद ठेवून बसला. पेटी त्याच्यापुढं सरकवताना साधनाला हे आठवलं. हात झाकणावरच राहिला.

“ज्ञानूभाऊ, रिंग पडलीय. मघाशी.”

“कुणी बघितलं?”

“कुणी नाही.”

“तुमच्या देवानं बघितलं आसंल की, म्याडम.”

साधनानं लाल चिठ्ठी काढली, वेळ लिहिली, पेटीला बांधली. मग विचारलं, त्या वेळी त्यानं का सांगितलं होतं?

“का म्हंजी? बिघडल्याला गेज चांगला कसा म्हणायचा? त्याला देव कशाला पायजे?”

तिला त्याचं म्हणणं निम्मं पटलं. तिनं विचारलं, त्याचा गेज कशावर लागतो? या रिंगवर. आणि रिंग? पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या मापावर. ते माप ज्ञानूनं कधी पाहिलं नव्हतं. तसं काही माप आहे हे त्यानं मानलं नसतं, तरी त्याचं मोजणं खरंच निघालं असतं. त्याच्या खरेपणाचंही आपल्याला तसंच वाटतं, असं ती म्हणाली.

“म्हंजी मला न इचारता माझा झिरो तुमच्या देवावर लावून ठिवला व्हय?”

“लावलाय. आज तर माझ्यापेक्षा नीट लागलाय.”

“मग देवाचा झिरो कुठं लावला?”

“त्याचा लावावा लागत नाही. तोच माप आहे.”

“त्या मापाचं सर्टिफिकेट दावा कवातरी,” म्हणत ज्ञानू मशीन थांबवायला सांगायला गेला.

सुपरवायझर वैतागला, चूक नोंदवून गेला. दुपारी एकला कंपनीच्याच दुसऱ्या प्लांटमधून रिंग आली आणि मशीन सुरू झाली. साधनानं डबा नेहमीसारखा पूर्ण संपवला. मग धड्यातलं ते वाक्य खोडून त्या जागी दोन गोष्टी लिहिल्या: एक ज्ञानूची, नाव न घेता, दुसरी स्वतःची, नावासकट.

पडलेली रिंग उद्या सकाळी आठ चाळीसच्या गाडीनं पुण्याच्या प्रयोगशाळेत तपासायला जाईल. गेटपासवर साधनाची सही झालेली आहे.