निवडुंगाला पाजलेलं पाणी

मी तेव्हा मूल गावात एका तांदळाच्या गिरणीत पोत्यांवर नंबर घालायच्या कामावर होतो आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहीत होतो. पत्रकांचं वेड घरातलंच. वडील चळवळीतले, त्यामुळे आमच्या घरात भांड्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. अक्षरं मी त्यांवरूनच ओळखायला शिकलो. ‘अ’ मला पहिल्यांदा भेटला तो ‘अन्याय’ या शब्दात.

त्या वर्षी माझं भांडण पाण्यावरून चाललं होतं. गिरणीच्या खळ्यावर बायका दिवसभर उन्हात उकडलेला धान पायांनी परतत, आणि माठ आमच्या कचेरीच्या सावलीत. फाटकावरच्या चौकीदाराला तर जागा सोडायची मुभाच नव्हती. मी मसुदा लिहिला होता : ‘जो राखण करतो तोच कोरडा का? सर्वांना सारखे पाणी मिळालेच पाहिजे!’ तो कागद खिशात घेऊनच मी हिंडत होतो. पुढं जे झालं त्यात त्या कागदाचा वाटा मोठा आहे.

मी ज्या बाईंकडे खोली घेऊन राहत होतो त्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आले होते. बाईंनी परसात शेपू आणि मेथीचे वाफे केले होते, आणि तेही बोटांवर दिवस मोजून, म्हणजे मूल जन्मेल तेव्हा पाला कोवळा असेल. बाळंतिणीच्या ताटात शेपू नसली तर दूध उतरत नाही, असं त्या ठामपणे सांगत. त्यांच्या एका भावजयीला ती वेळेवर मिळाली नव्हती आणि ते मूल अशक्तच राहिलं होतं. त्यामुळे त्या वाफ्यांकडे बाई भाजी म्हणून बघतच नव्हत्या.

परसाच्या तळ्याकडच्या अंगाला फड्या निवडुंगाचं जुनं कुंपण होतं. पावसाळ्यात त्यातला चार हातांचा तुकडा आडवा झाला होता. धानानंतर पेरलेलं लाखोळीचं कडधान्य शेतात उभं असेपर्यंत काळजी नव्हती, कारण तोवर गुरं गुराख्याच्या ताब्यात असतात. लाखोळी निघाली की गावची सगळी गुरं मोकळी सुटतात. त्याआधी खिंडार बुजवायला हवं होतं. बाईंनी कुंपणातल्याच जाड फांद्या तोडून ओसरीच्या कडेला ठेवल्या, आणि नेमकी दुसऱ्या दिवशी मार्कंड्याच्या जत्रेला जाणारी बैलबंडी निघाली. मुलीच्या सुखरूप सुटकेसाठी त्यांनी तिथं नवस बोलला होता. वाटेत बहिणीकडे मुक्काम धरून दहा दिवसांचा फेरा. घरात एक म्हातारी शेजारीण झोपायला येणार होती. वाफे माझ्यावर सोपवले.

“हे पाह्य बाबू, शेपूले दोन्ही वेळ पाणी देजो. हलक्या हातानं, मुळं उघडी नाई पडली पाह्यजे. दुपारी वरतून ओलं पोतं टाकजो, तिले ऊन सोसत नाई.”

“आणि निवडुंगाला?”

“नागफणी पडू दे तशीच आठ दिवस. काप चांगला सुकला का मुरमात खोसून देजो. पाणी नाई द्याचं.”

“अजिबात नाही?”

“काऊन, तुले तिची दया येऊन राह्यली काय?”

दारात उभी असलेली मुलगी हसली. “आई, भाऊ तिले पत्रक वाचून दाखवतीन.”

बंडी गेली. मी त्या फांद्यांकडे बघत बसलो. कापातून चिकट पाणी झिरपत होतं. जखम उघडी, खाली माती नाही, घोटभर पाणी नाही, आणि उद्या वाफ्याची राखण हिनंच करायची. शेपूला मात्र शेणखत, दोन वेळा पाणी आणि डोक्यावर सावली. माझ्या खिशातला कागद बोलायला लागला.

दुसऱ्याच दिवशी मी फांद्या लावल्या. मुरूम मला कंजूष वाटला, म्हणून खड्डे उकरून त्यात वाफ्यातली खतमाती भरली. सकाळ-संध्याकाळ शेपूला जितकं पाणी, तितकंच निवडुंगाला. एक तांब्या इकडे, एक तांब्या तिकडे, अगदी मोजून.

“भाऊ, आई तर म्हणे सुकू द्या,” मुलगी म्हणाली.

“तहानलेल्याला सुकू द्यायचं?”

“मले काय माहीत. तुमी शिकलेले.”

तीन-चार दिवस फांद्या टवटवीत दिसल्या. मी तिला मुद्दाम बोलावून दाखवल्या. तिनं हात कमरेवर ठेवून पाहिलं आणि ती आत गेली. शेपू मात्र खरंच तरारली. सकाळी वाकून बघावं तर कालच्यापेक्षा बोटभर उंच. एक दिवस पाणी द्यायला उशीर झाला तर माना टाकून बसायची आणि तांब्याभर पाण्यात घटकाभरानं पुन्हा उभी राहायची. इतकं सरळ मागणारं आणि इतकं सरळ देणारं झाड मी पाहिलं नव्हतं.

सातव्या दिवशी निवडुंगाची बुडं काळवंडलेली दिसली. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. मी तिसरी वेळ सुरू केली. आठव्या दिवशी एका फांदीला आधार द्यायला काडी टेकवली तर ती लोण्यात जावी तशी आत गेली. आतून कुजका वास आला. तरीही ‘उद्या बघू’ म्हणून मी कामावर गेलो. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त लाज त्या ‘उद्या’ची वाटते.

उद्या लाखोळी निघाली आणि गुरं सुटली.

दुपारी जेवायला आलो तर खिंडारात ती मुलगी उभी. एका हातात बांबूची काठी, दुसरा हात कमरेला. निवडुंगाच्या फांद्या खुरांखाली चेंदल्या होत्या. मेथीचा वाफा बुडख्यापर्यंत साफ. तिच्या पाठीमागे शेपू तेवढी शाबूत होती, आणि समोर तीन गाई तोंड हलवत ती कधी दमते याची वाट बघत होत्या.

“या भाऊ,” ती म्हणाली. “नागफणी झोपली, म्हून मी उभी राह्यली.”

चेहऱ्यावरून घाम ओघळत होता. ती किती वेळ अशी उभी होती हे विचारायचंही मला धाडस झालं नाही. मी गाई हाकलल्या, तिला हाताला धरून सावलीत बसवलं आणि पाण्याचा तांब्या आणून दिला. तिनं तो एका दमात संपवला.

“हं,” ती तोंड पुसत म्हणाली, “हे पाणी बरोबर जागी आलं.”

त्या दुपारी मी गिरणीत परत गेलो नाही. तळ्याच्या पाळीवरून बोरीच्या काट्या तोडून आणल्या आणि दिवस मावळेपर्यंत खिंडार बंद केलं. हात रक्तबंबाळ झाले. बरंच झालं.

दुसऱ्या संध्याकाळी बाई परतल्या. नवसाचा नारळ ठेवून त्या थेट परसात आल्या. मेथीचा वाफा पाहिला, काट्या पाहिल्या. मग खाली बसून काळ्या पडलेल्या एका फांदीला बोट लावलं, वास घेतला.

“पाणी पाजलं तिले?”

“हो.”

“दोन्ही वेळ?”

“शेवटी शेवटी तीन वेळा.”

मला वाटलं आता ऐकावं लागणार. पण त्या बराच वेळ हसत होत्या, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मुलीला दारात धडधाकट बघितल्याचंही ते रडू असेल. मग त्यांनी कुंपणातलं एक पान चाकूनं कापून माझ्यासमोर धरलं. उन्हाळा तोंडावर आलेला, पण आत ओलं गच्च होतं.

“पाह्य बाबू. तिचं पाणी तिच्या पोटात रायते. कापलं का आधी जखम भरू द्या लागते, मग ते मूळ सोडते. ओलं केलं का सडते. शेपूच्या अंगात काय हाये? एक दिवस पाणी नाई भेटलं तर संपली. तू दोघींचं तोंड सारखंच समजला.”

“मला वाटलं, अन्याय होतोय.”

“झाला ना,” मुलगी आतून म्हणाली. “मेथीवर झाला.”

रात्री मी तो मसुदा काढला. ‘सारखे’ हा शब्द खोडायला हात धजत नव्हता. त्या शब्दावर मी वाढलो होतो आणि आजही त्याच्याशी माझं भांडण नाही. पण सावलीत बसून नंबर घालणाऱ्या मला आणि खळ्यावर पाय भाजून घेणाऱ्या बायकांना एकाच मापानं पाणी मागणं, म्हणजे मी पुन्हा तांब्या मोजत बसलो होतो. मी नवी ओळ लिहिली : ‘जिथे ऊन, तिथे माठ हवा.’

चार दिवसांनी मुलगी सुखरूप बाळंत झाली. तिच्या ताटात शेपूची भाजी पडली. एका वाटीत माझ्यासाठीही आली.

खिंडारासाठी बाईंनी पुन्हा फांद्या तोडल्या, आणि या वेळी त्या माझ्याच खोलीच्या दाराशी ठेवल्या. आठ दिवस हात लावायचा नाही. येता-जाता त्या दिसायच्या. काप आक्रसत होता, कडा सुरकुतत होत्या. पाचव्या दिवशी दुपारी ऊन फार होतं. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आलो आणि त्यांच्यापाशी नुसता थांबलो, इतकंच.

बाळंतिणीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. पण तिला माझी पावलं ओळखू येत होती.

“भाऊ,” आतून आवाज आला, “तांब्या शेपूकडे न्या!”