बॅनरवरची आई
फ्लेक्सच्या शाईचा उग्र वास आला की अजूनही मी रस्ता बदलतो. आई गेली तेव्हा बाळापुरातल्या फ्लेक्सच्या दुकानात श्रद्धांजलीच्या बॅनरसाठी मी तिचा मोबाइलवरचा एकुलता एक बारका फोटो दिला. दुकानदारानं तो माउसनं ओढून बॅनरभर ताणला. आईचं हडकुळं तोंड भोपळ्यासारखं फुगलं आणि डोळ्यांच्या जागी नुसते चौकोन उरले. मी म्हणालो, “हे बराबर न्हाई दिसत. फोटो छोटाच ठेवा.” तो गुटखा चघळत म्हणाला, “काहून? जागा मोकळी दिसंल ना. एवढं निरखून कोण पाहून राहिलं?” मी पुढं बोललो नाही, छापलेला बॅनर घेऊन आलो आणि दारात लावला. बहीण हात जोडायला आली, थबकली आणि म्हणाली, “दादा, ही कोण?” मी तिथल्या तिथं बॅनर उतरवला. त्या दुकानदाराची किळस येतेच, पण गप्प राहिलेल्या माझी जास्त येते.