सिस्टरचा गळा

गळा जपावा तर आमच्या सिस्टरनं. बाकीच्यांनी आपलं खोकत बसावं. सौदीतल्या हफ्र अल बातिनच्या आमच्या इस्पितळात तशा सगळ्याच सिस्टर, पण नर्सेसच्या हॉस्टेलात नुसतं 'सिस्टर' म्हटलं की एकच मूर्ती डोळ्यांपुढे यायची: पाच फुटांच्या आतली, ऐन जूनमध्ये गळ्याला लोकरी मफलर गुंडाळलेली माझी मिझो रूममेट. बाहेर वाळू भाजून निघत असायची आणि ही बाई एसी बंद करून कढत पाण्याचे घोट घेत बसायची. मी घामानं निथळत हात जोडले की म्हणायची, "पसीना पोंछने से जाता है, मराठी. गला बैठ गया तो बैठ गया."

ही तिकडे मिझोरममधली मोठी गायिका आहे, याचा मला वर्षभर पत्ताच नव्हता. एकदा रियाधच्या विमानतळावर एक मिझो मुलगी हिला पाहून सामानाची ट्रॉली सोडून धावत आली आणि हिचा हात धरून रडायलाच लागली. सिस्टरनं आधी तिची नाडी पाहिली, मग फोटो काढू दिला. त्यानंतर एकेक कळत गेलं. लहानपणी चर्चमध्ये गाताना ही दिसावी म्हणून तिला बाकावर उभी करायचे. कॉलेजात असताना निघालेली पहिली कॅसेट ऐझॉलच्या टॅक्सीवाल्यांनी झिजेपर्यंत वाजवली. मग स्पर्धा, स्टेज, कॅलेंडरावर फोटो. एवढं असून नर्सिंग कशाला? तर वडिलांनी सांगितलं होतं, गळ्याला सर्दी होते, नोकरीला होत नाही. म्हणून वर्षभर इथं सुया टोचायच्या आणि डिसेंबरात रजेवर जाऊन गायचं, असा तिचा शिरस्ता होता.

त्या वर्षी मात्र मामला नाजूक झाला. गाण्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून ऐझॉलला तिचा एकटीचा कार्यक्रम ठरला, आणि नेमकी तेव्हाच स्वरतंतूंवर गाठ निघाली. डॉक्टरांनी बजावलं, कार्यक्रमापर्यंत गाणं बंद, बोलणंही बेतानं. नाहीतर स्टेज विसरा. झालं! सिस्टरनं मौनच धरलं. वॉर्डात सगळा कारभार टाळ्या आणि खाणाखुणांवर सुरू झाला. वाळवंटातल्या तांड्यावरून आलेल्या एका बदू आजीला वाटलं, पोर बिचारी जन्माची मुकी. 'मिस्कीना, मिस्कीना' करत तिनं पाण्यावर दुआ फुंकली आणि ते सिस्टरला पाजलं. सिस्टरनं ते गुमान प्यायलं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून ग्लास पुढे केला! जेवणही गळ्यापायी तेल-तिखटावाचून चालायचं, उकडलेला पाला आणि सुकी मासळी. या मासळीवर आमचं गोत्र जुळलं, कारण मी पडले गुहागरची. शेजारच्या खोलीतल्या सांगलीच्या ताई नाकाला ओढणी लावून म्हणायच्या, "तुम्हा दोघींना एकाच जहाजात घालून परत पाठवलं पाहिजे."

सिस्टर निघायला आठवडा उरला असताना माझी आई गेली. रजा, व्हिसा, विमान असं सगळं जुळवून मी पोचेपर्यंत काहीच उरणार नव्हतं. भाऊ फोनवर म्हणाला, "तू धावपळ करू नको, बाय. सगळं उरकलं." मी पलंगावर बसून राहिले. रडूसुद्धा येईना. दुपारी सिस्टर ड्यूटीवरून आली ती तीन-चार मिझो मुलींना घेऊनच. पाण्याचा रिकामा जार तिनं मांडीत आडवा घेतला, त्यावर ठेका धरला आणि चक्क गायला लागली.

सांगलीच्या ताई धावत आल्या. "अगं बाई, सुतकात गाणं? वेड लागलं का हिला?"

त्यातली एक मुलगी हळूच म्हणाली, "हमारे में कोई मरता है तो सब लोग उसका घर में आके गाता है, दीदी. अकेला नहीं छोड़ता."

ताई दारातच थबकल्या. मग आत येऊन माझ्याजवळ बसल्या आणि त्यांनी माझा हात हातात घेतला.

एका खोलीत इतके दिवस राहून सिस्टरचा गाता आवाज मी असा समोर बसून पहिल्यांदाच ऐकत होते. शब्द एक कळत नव्हता, पण ते गाणं माझ्यासाठी चाललंय एवढं कळत होतं. एक संपलं की दुसरं. वरच्या सुरात आवाज फाटला, तरी ती थांबेना. मीच घाबरून म्हटलं, "बस करो सिस्टर, आपका प्रोग्राम है!"

ठेका न सोडता ती म्हणाली, "स्टेज फिर से मिलेगा. तुम्हारा मम्मी फिर से नहीं मरेगा."

तेव्हा कुठं मला रडू फुटलं.

ऐझॉलला त्या डिसेंबरात तिची गाणी दुसऱ्यांनी म्हटली आणि ती पहिल्या रांगेत मफलर गुंडाळून टाळ्या वाजवत बसली. फोनवर तिनं हे मला असं हसत सांगितलं की जणू गंमतच झाली. पुढे बसलेला आवाज उघडला, पण वरचा सूर काही परत आला नाही. आता ती नोकरी सोडून कायमची गावी गेली आहे, खालच्या पट्टीत गाते. तिची फार आठवण आली की मी मोबाइलवर तिचे कार्यक्रम लावते. गाणं चढत चढत त्या सुरापाशी आलं की ती थांबते, आणि समोरची माणसं तो सूर लावून देतात. तो कुठं गेला, हे त्यांच्यातल्या कुणालाच ठाऊक नाही. मला ठाऊक आहे.