प्रांजलीच्या पायाचा फोटो

हाडाच्या वॉर्डात वीस दिवस काढले की किस्से आपोआप जमतात. कोणी ऐकायला बसलं की मी सुरूच होते! पण आधी माझी तक्रार ऐका. माझ्या प्रांजलीचा पाय गुडघ्याखाली दुखत होता. मी ओरडून सांगत होते, पण एकाही माणसानं माझं खरं मानलं नाही.

नवरा म्हणाला, "कापूस वेचाची वेळ आली का हिचा पाय दुखते!"

मी म्हटलं, "मंग तुमची कंबर बारा महिने काहून दुखते?"

*

उमरखेडच्या डॉक्टरनं मलम दिलं. मी ते टेबलावर परत ठेवलं. "पायाचा फोटो काढा."

"बाई, डॉक्टर तुम्ही की मी?"

"डॉक्टर तुम्हीच. पण पाय माह्या पोरीचा हाय!"

एक्स-रे आला. हाडात लिंबाएवढी पोकळी! डॉक्टरनं मलम गुपचूप ड्रॉवरमध्ये टाकलं आणि यवतमाळची चिठ्ठी लिहिली.

*

यवतमाळला सुईनं गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट यायच्या आधीच मी मुकुटबनच्या नणंदेला बोलावून घेतलं. ती तर रडतच वॉर्डात शिरली. तेवढ्यात मोठे डॉक्टर आले. "कॅन्सर नाही. साधी गाठ आहे. पण काढावी लागेल, नाहीतर हाड मोडेल."

नणंदेनं डोळे पुसले. "मंग मले एवढ्या दुरून कायले बलावलं?"

"या म्हटलं होतं, रडत या नव्हतं म्हटलं!"

*

ऑपरेशन झालं. प्रांजली शुद्धीवर आली आणि म्हणाली, "कंबर दुखते."

नवरा बाह्या सरसावून उठला. "पाय सोडून कंबर कापली!"

"बसा खाली!" मी चौथी शिकलेली, पण सही केली ती अख्खा फॉर्म वाचून. "गाठ खरवडली, तिथं खड्डा पडला, तो कमरेच्या हाडानं भरला. तिचंच हाड तिले लावलं!"

सिस्टर म्हणाली, "पंचशीला मावशी, उद्यापासून राउंडला तुम्हीच या."

आजही सांगताना छाती फुगते!

*

परवा तपासणीला गेलो. प्रांजली काठीशिवाय चालत आत गेली. फोटोत पोकळी भरत आलेली. डॉक्टर खूश. त्यांनी पोरीला विचारलं, "घरी सांगायच्या आधी किती दिवस दुखत होतं?"

"चार महिने."

मी खुर्चीतून उठलेच! मला आठ दिवस सांगितले होते!

डॉक्टर म्हणाले, "लपवलं कशाला? बाबा रागावतील म्हणून?"

"बाबा कायले रागावते! घरात दुसरं एक जण हाय. तिले सांगतलं असतं, तं 'कोणाचा धक्का लागला, नाव सांग' म्हणून अख्ख्या शाळेशी भांडली असती."

नवरा खिडकीबाहेर बघायला लागला.

"कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

पोरीनं माझ्याकडं न बघता उत्तर दिलं, "पंचशीला."