कावीळ नव्हती ती

काल औषधाच्या दुकानात हिरड्याच्या चूर्णाचा तुरट वास आला आणि मी घाटघरच्या आमच्या अंगणात पोचले. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली पहिली मुलगी मी. पण दुसऱ्या वर्षी जुन्नरच्या होस्टेलवरून परतले ती बोलणंच बंद करून. आई विचारणाऱ्याला सांगायची, कावीळ झालीय.

कलत्या उन्हात अंगण हळदीसारखं दिसत होतं. माझे वडील, अण्णा, आणि मी वाळत घातलेला हिरडा हलवत होतो. तेवढ्यात आत्या स्थळ घेऊन आली.

"लगीन लावून टाक, दादा. आपोआप बोलाय लागंल."

अण्णांचा हात थांबला नाही. "कावीळ न्हाई तिला. मन आजारी हाय. सोमवारी पुण्याला डाक्टरकडं नेतोय. पाय मोडला असता, तर लगीन लावून सांधला असता का?"

शेजारच्या ओट्यावरच्या बाया वळून बघू लागल्या. मला वाटलं, अण्णांनी चारचौघांत माझी अब्रू घालवली. आता कळतं, माझं दुखणं खरं मानणारे ते पहिले.

आत्या फुगली. अण्णा म्हणाले, "रुसू नको. तूबी चल संगं. पोरीजवळ बाईमाणूस पायजे."

सोमवारी एसटीत मी आत्याच्या मांडीवर डोकं ठेवलं. कितीतरी दिवसांनी मला गाढ झोप लागली.