स्टॅनच्या वर्कशॉपातली खंडेनवमी

आमच्या साडूंनी आयुष्यात एकही वस्तू सरळ बाजूने पाहिलेली नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. ताट, खुर्ची, घड्याळ, कुकर, हाती येईल ते आधी उलटं करायचं, खालचा छाप वाचायचा आणि विचारायचं, "हे केलं कुणी?" कंपनीचं नाव सांगितलं की ते हात झटकतात. "कंपनी कुठं काय करते? कंपनी नुसतं नाव चिकटवते. ह्याला वळण दिलं कुणी, ते सांग." श्रूजबरीतल्या आमच्या घरी मुलीच्या बारशाला बायका पाळणा म्हणत होत्या, तेव्हा हे गृहस्थ पाळण्याखाली उताणे पडून त्याचे स्क्रू तपासत होते. आयसेलिनच्या देशी बाजारात एका सराफाकडे माझ्या मेव्हणीने, म्हणजे त्यांच्या पत्नीने, बांगड्या पसंत करेपर्यंत यांनी त्याचा तराजू उलटा केला होता. सराफाला वाटलं, कुणी इन्स्पेक्टर आला. त्याने घाईघाईने चहा मागवला. साडूंनी चहा प्यायला आणि मग कपही उलटा केला.

गंमत म्हणजे या सवयीचाच त्यांना पगार मिळत असे. वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका बलाढ्य बहुराष्ट्रीय कंपनीत ते होते आणि आसपासची छोटी वर्कशॉपं हुडकून त्यांना कंपनीचे पुरवठादार बनवणं हे त्यांचं काम होतं. कागदोपत्री होतं, असं म्हणू या. ही गोष्ट दोन हजार चार-पाचच्या सुमाराची. तेव्हा त्यांच्या साहेबाला प्रत्येक सुटा भाग समुद्रापलीकडून स्वस्तात आणायची घाई झाली होती, आणि साडू मात्र आपलंच घोडं दामटत होते. "कंपनी किती का मोठी असंना," ते मीटिंगमध्ये सांगत, "विरजण शेजारनंच आणावं लागतं." हे वाक्य ते इंग्रजीत कसं म्हणत असतील, देव जाणे. शनिवारी सकाळी ते वूस्टरच्या आजूबाजूच्या जुन्या गिरण्यांच्या गावांतून गाडीच्या काचा खाली करून फिरत, आणि मशीनच्या तेलाचा वास आला की तिथेच गाडी थांबवत. एकदा दोन्ही कुटुंबं नायगाऱ्याला निघालो, तर वाटेत एका गिअर कापणाऱ्याच्या शेडमध्ये असे अडकलो की धबधबा दुसऱ्या दिवसावर गेला. मेव्हणी म्हणाली, "यांना स्वर्गात नेलं ना, तरी दारात थांबून बिजागरी बघत बसतील."

अशाच एका शनिवारी स्टॅन सापडला. सत्तरीकडे झुकलेला, पोलिश आईबापांचा मुलगा, बोलण्यात भारी काटकसरी. वडिलांनी उभं केलेलं वर्कशॉप, चार-पाच कामगार, आणि केसासारख्या तारेच्या बारीक बारीक स्प्रिंगा. त्याचं मोठं गिऱ्हाईक परदेशी मालाकडे वळलं होतं. नाताळपर्यंत नवं काम मिळालं नाही तर वर्कशॉप बंद करायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं. साडूंच्या कंपनीला नेमकी तसलीच स्प्रिंग हवी होती. नमुने पास झाले. आता कंपनीच्या तपासनीस बाईंनी वर्कशॉप बघून होकार द्यायचा, एवढंच उरलं. बाई आल्या, मशीनवरून एक बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि ऑक्टोबरात एकदा, शेवटचं, येईन म्हणून निघून गेल्या. स्टॅनला त्या घाणीचा अभिमान होता. "हे तेल माझ्या बापाच्या वेळचं आहे," तो म्हणायचा. साडूंनी त्याला तक्ते दिले, भाषण दिलं, शेवटी नवा कोरा झाडू आणून दिला. स्टॅनने झाडू परत केला. "मी स्प्रिंगा करतो," तो म्हणाला. "हॉटेल चालवत नाही."

नवरात्र बसलं तसे साडू बेचैन झाले. आमच्याकडे फराळाला आले, तर खिचडीची बशी चक्क सरळ धरून बसले होते. यावरूनच प्रकरण गंभीर आहे हे मी ओळखलं. ते वाढलेले कोल्हापूरच्या उद्यमनगरात. तिथे खंडेनवमीला लेथपासून पान्ह्यापर्यंत सगळ्यांना आंघोळ, हार आणि सुट्टी. खाता खाता ते एकदम उठले आणि त्यांनी स्टॅनला फोन लावला. साफसफाईचा शब्दही काढला नाही. एवढंच म्हणाले, "आमच्याकडे वर्षातनं एक दिवस मशीनची पूजा असते. वर्षभर त्याच्याकडनं काम घ्यायचं, त्या दिवशी त्याला हात जोडायचे. तुझ्या बापाच्या मशीनची करू या का?" फोन स्पीकरवर होता. मग स्टॅन म्हणाला, की ईस्टरला आम्ही पावाची टोपली चर्चमध्ये नेतो आणि पाद्री तिच्यावर पाणी शिंपडतो, पण ज्या मशीनने तो पाव दिला त्याला आजवर कुणी काहीच म्हटलं नाही. पुढे त्यानेच विचारलं, "आंघोळ घालावी लागते का?"

"लागती की," साडू म्हणाले.

स्टॅनने वर्कशॉप बंद ठेवून मशीनं धुतली. ती मुळात हिरवी आहेत, हे त्याच्या बायकोला लग्नानंतर पहिल्यांदाच कळलं. खंडेनवमीला आम्ही सहकुटुंब हजर झालो. मेव्हणीने झेंडूचे हार, हळदकुंकू आणि नारळ आणला होता. माझी मुंज झालेली, एवढ्या भांडवलावर भटजी मी. अर्ध्यावर अथर्वशीर्ष विसरलो, म्हणून पहिलं अर्धं पुन्हा म्हटलं. कामगारांनी टोप्या काढल्या, नारळ फुटला तसा स्टॅनने छातीवर क्रूस काढला, आणि त्याच्या बायकोचे पोलिश पद्धतीचे गोड वडे नैवेद्याला चालून गेले. निघताना साडूंनी बजावलं, "उद्या दसऱ्याला येऊन मी पूजा उतरवतो. तोवर कशाला हात लावू नको."

आणि दसऱ्यालाच बाई येणार होत्या. त्यांच्याआधी पोचायचा साडूंचा बेत होता, पण बाई लवकर आल्या. आम्ही दोघं पोचलो तेव्हा त्या मशीनसमोर उभ्या होत्या. शस्त्रक्रियेच्या उपकरणाची स्प्रिंग जिथे व्हायची, तिथे हळद, कुंकू, झेंडू आणि वर अक्षता. स्टॅनने काही पुसलं नव्हतं, कारण तसा त्याने शब्द दिला होता. मी साडूंच्या कानाशी लागलो, "मार्किंगची पावडर आहे म्हणून सांगा." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झालो.

"ही हळद आहे," ते बाईंना म्हणाले. "काल मशीनची पूजा होती. पुसू नको असं मीच सांगितलं होतं. चूक माझी, स्टॅनची नाही."

बाईंनी मशीनच्या मागे हात घातला, मग वाकून तळाशी फिरवला आणि बोट बघितलं. दुसऱ्या मशीनच्याही मागेच हात घातला. शेवटी त्यांनी स्टॅनला विचारलं, "मागची बाजू साफ करायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही," स्टॅन म्हणाला. "पूजा आहे म्हटल्यावर पुढचंच पुसून कसं चालेल?"

"मी येणार म्हटल्यावर लोक मला दिसेल तेवढंच पुसतात," बाई म्हणाल्या. "मागे हात घातला की काळा होतो. आज झाला नाही." मग त्यांनी हळदीकडे बोट दाखवलं. "हे पिवळं तेवढं काढा आणि कामाला लागा. आणि पुढच्या वर्षी तारीख ठरवण्याआधी मला तुमचा सण सांगा."

साडूंनी तिथल्या तिथे हात जोडले, अक्षता वाहिल्या, हळद स्वच्छ पुसली आणि स्टॅनने बटण दाबलं. मशीनचा खडखडाट सुरू झाल्यावर साडू बाहेर पळाले आणि मेपलची ओंजळभर पिवळी पानं घेऊन आले. सगळ्यांना, बाईंनासुद्धा, त्यांनी सोनं वाटलं. आपट्याच्या जागी मेपल शास्त्राला चालतो, असा निर्णय भटजी या नात्याने मी देऊन टाकला.

नाताळला वर्कशॉप बंद करायच्या ऐवजी स्टॅनला नवे कामगार घ्यावे लागले. ते बघून आसपासचे वर्कशॉपवाले साडूंच्या मागे लागले. पुढे काही वर्षं ऑक्टोबर आला की वूस्टरच्या दुकानांतून झेंडू गायब व्हायचा, आणि तो आमच्या मेव्हणीच्या गाडीत सापडायचा. साहेब तर विरजणाचं वाक्य स्वतःचंच म्हणून सांगू लागला.

मला मात्र त्या दसऱ्याचा परतीचा रस्ता जास्त आठवतो. मी आनंदाने अखंड बडबडत होतो आणि साडू गप्प होते. एका पेट्रोल पंपावर त्यांनी गाडी थांबवली, खिशातून परदेशी फोनचं कॉलिंग कार्ड काढलं आणि बसल्या जागेवरून मोबाइलवर कोल्हापूरला वडिलांना फोन लावला. आप्पांचं उद्यमनगरातलं वर्कशॉप साडू कॉलेजात असताना बंद पडलं होतं. मोठं गिऱ्हाईक काही मिळालं नाही, आणि मशीनं भंगारात गेली. हे मला मेव्हणीने सांगितलेलं. ते स्वतः कधी बोलले नव्हते.

"आप्पा, काल खंडेनवमी केली," साडू म्हणाले. "आज मशीन चालू झालं."

आप्पांना कमी ऐकू येई, त्यामुळे ते मोठ्यानेच बोलत. शेजारी बसून मला सगळं ऐकू येत होतं. "कुणाचं मशीन?"

साडू म्हणाले, "आपलंच की, आप्पा."

आप्पा म्हणाले, "बरं झालं. वेळच्या वेळी तेल घालत जा."

"होय, घालतो," साडू म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही. इतकी वर्षं मी या माणसाला हसत आलो, पण त्याच्यावर माझा किती जीव आहे ते मला त्या पेट्रोल पंपावर कळलं. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "गाडी तू चालव."